मानेवरचा काळा पट्टा म्हणजे मळ नव्हे

गेल्या वर्षीची आषाढ पौर्णिमा. दिघ्याच्या एका विहारात वर्षावासाचा पहिला दिवस. वंदना झाली, खीर वाटून झाली, बायका पांगल्या आणि एक ताई तेवढी मागे थांबली. वय पस्तिशीच्या आसपास. ऐरोलीत चार घरची धुणीभांडी आणि एका घरी पोळ्या. पदर सरकवून तिने मान दाखवली. मागच्या बाजूला काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. म्हणाली, "सिस्टर, बेसन लावून झालं, लिंबू लावून झालं, वजरीने घासलं तर रक्त आलं. मळ काही निघत नाही. ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या बाई परवा म्हणाल्या, कणकेला हात लावायच्या आधी मान घासून अंघोळ करत जा."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि वजन पण उतरत नाही. दोन महिने रात्रीचं जेवले नाही. दीड किलो उतरलं, तिसऱ्या महिन्यात परत आलं. मला झालंय तरी काय?"

तिला वाटत होतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते आपल्या वस्तीतल्या निम्म्या बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पान त्यासाठी.

पहिली गोष्ट, तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की त्याचा परिणाम त्वचेवरही होतो. मान, काख, जांघ अशा घडीच्या जागी कातडी जाड आणि काळी होते, बारीक चामखिळी लोंबतात. डॉक्टर त्याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. घासून तो जात नाही, उलट कातडी सोलून आणखी काळी पडते. आतलं इन्सुलिन खाली आलं की पट्टा हळूहळू फिका होतो. आपल्या कातडीला कुणी घाण म्हणणं आपल्याला नवीन नाही. पण एका आजाराची खूण आहे, ती दाखवून डॉक्टरकडे पाठवायचं सोडून एका बाईला "अंघोळ करून ये" सांगितलं जातं, आणि तीही मान खाली घालून घरी येऊन रक्त येईपर्यंत घासते, याचा मला आजही राग येतो.

आता इन्सुलिनचं. आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. ती रक्तातून स्नायूंमध्ये, यकृतात पोचवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. काही शरीरांत पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग काय होतं, ते आपल्या नळावरून समजून घ्या. पाइपलाइन तुंबत चालली की आपण नळाला मोटर लावतो. पाणी येतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पुढच्या वर्षी आणखी मोठी मोटर. हंडा भरतोय तोवर सगळं ठीक. स्वादुपिंड तेच करतं, दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून साखर कशीबशी ताब्यात ठेवतं. रिपोर्टवर साखर नॉर्मल येते, डॉक्टर म्हणतो काही नाही. अशी वर्षानुवर्षं जातात. एक दिवस मोटर जळते, त्या दिवशी आपल्याला "शुगर निघाली" असं कळतं.

मधल्या वर्षांत ते जास्तीचं इन्सुलिन गप्प बसत नाही. चरबी साठव, साठवलेली सोडू नको, असं ते शरीराला सांगत राहतं. पोट सुटतं, यकृतात चरबी धरते, काहींची पाळी महिनोन्महिने लांबते, हनुवटीवर केस येतात. पोटातली चरबी पुन्हा पेशींना आणखी बहिरं करते. म्हणजे दोन्हीकडून ढकलाढकल.

तर मग वजन उतरणारच नाही का? असं नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेली माणसंही कमी खाल्लं तर बारीक होतात. पण उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, शरीर खर्च कमी करतं, भूक वाढवतं. ताई रात्रीचं जेवत नव्हती, पण दिवसभर कामाच्या घरी पाच कप चहा होत होता. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाला पन्नास ग्रॅम साखर होते. ती जेवणात धरायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मीही सांगितलं नसतं, हे कबूल करते. वॉर्डात होते तेव्हा जाड बाई दिसली की "कमी खा, चालत जा" एवढं बोलून फाईलवर सल्ला दिल्याची नोंद करायची आणि पुढच्या बेडकडे वळायचं. ती काय खाते, किती वाजता खाते, चालायला तिच्याकडे रस्ता आहे का, काही विचारलं नाही. मनात एकच, हिला तोंडावर ताबा नाही. नोकरी सोडून वस्तीत फिरायला लागले तेव्हा कळलं की ताबा नसणाऱ्या बायका दिवसात एकदा जेवतात.

मग शरीर असं का वागतं? याचं एक मोठं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधलं गेलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, किडकिडीत बायका. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथँप्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं सगळ्याच मापात लहान होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. एकच गोष्ट त्या मानाने राखलेली होती, ती म्हणजे कातडीखालची चरबी. २००३ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा त्या बाळाला नाव मिळालं, बारीक पण चरबीदार भारतीय बाळ. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही त्यांना इन्सुलिन जास्त आढळलं होतं.

पुढच्या वर्षी याज्ञिकांनी लॅन्सेट या साप्ताहिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच बारीक. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, तो फक्त ओझं मोजतो.

पोटात असताना ज्याला कमी मिळालं ते शरीर पुढच्या दुष्काळासाठी साठवायला शिकून येतं, असं यामागचं म्हणणं आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर नीट पेलत नव्हती. तो एका हिवाळ्याचा उपास होता. आपल्याकडे किती पिढ्यांचा? पुण्याचा अभ्यास जातीवर नव्हता, आणि मी तो जातीवर लादणार नाही. पण माझी आई १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडत होती, सुकडीवर जगत होती, मग नवी मुंबईत येऊन दगडखाणीवरच लागली. तुर्भे, नेरूळ, दिघा इथल्या कितीतरी घरांची गोष्ट हीच आहे. अशा आईच्या पोटी आलेल्या मुलीला रेशनचा पांढरा तांदूळ, पामतेल आणि गोड चहा पुरेसा मिळू लागला की पोट सुटतं, आणि लोक म्हणतात, खाऊन खाऊन माजली.

खाण्याबद्दल बोलायचं तर ताटात काय येतं ते आधी बघावं लागतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, ते तांदूळ आणि गहू. ते मिळायलाच हवं, त्यात कुणी कमी करायला निघालं तर मीच मोर्चा काढेन. पण नुसत्या धान्याने पोट भरतं, स्नायू होत नाहीत. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. त्या जागी डाळ आली म्हणावं तर डाळीचा भाव बघा. शेवटी भात वाढला.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणं सोडा. आज कामाच्या घरून पिशवीत काय येतं? दिवाळी संपून पंधरा दिवस झालेली सोनपापडी, मुदत संपत आलेली बिस्किटं, वाढदिवसाचा उरलेला केक, त्यांच्या पोरांनी टाकलेले नूडल्स. कधी मायेने देतात, कधी कचऱ्याच्या डब्याऐवजी देतात. घरी पोरं वाट बघतात म्हणून आपण आणतो. आणणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. पण ती पिशवी आपल्या घरात साखर आणि वनस्पती तूप घेऊन येते, एवढं माहीत असू द्या. "ताई, याऐवजी दोन अंडी द्या" असं एकीने सांगून बघितलं. बाई आधी चमकल्या, मग देऊ लागल्या.

ताटात बदल छोटाच करायचा. आधी भाजी, डाळ, उसळ, अंडं खायचं, भात शेवटी आणि निम्मा. दोन चपात्यांऐवजी ज्वारीची एक भाकरी. मटकी, चवळी, हुलगे भिजवून ठेवले तर शंभर रुपयांत चार दिवस निघतात. सुकट, बोंबील आपले जुने सोबती आहेत, फक्त मीठ फार असतं, दोन पाण्यांनी धुवून घ्या, बीपी असेल तर जपून. चहा सोडायला मी सांगत नाही. नर्सिंगला असताना मलाच जमलं नाही. कप दोन करा, साखर अर्धी करा.

विहारात कुणी ना कुणी हटकून कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट काढतं. संयुत्त निकायात आहे. राजा मापभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा जाणून खाण्याबद्दल चार ओळींची गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली. राजा जेवायला बसला की तो ती म्हणायचा, आणि राजा हळूहळू थोड्या भातावर आला, अंगाने हलका झाला. ही गोष्ट सांगून लोक बायकांना टोमणे मारतात, की बघ, भगवंतांनीही सांगितलंय. अहो, राजाचं कोठार भरलेलं होतं, त्याच्यापुढे खायला काय हा प्रश्न नव्हता. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. भगवंत त्याला हसले नाहीत, ओरडले नाहीत. आणि राजालाही एकट्याला जमलं नाही. जेवताना शेजारी कुणीतरी आठवण करून देणारं लागलं, तेही रोज, पगार देऊन. आपल्या घरात बाई सगळ्यांचं वाढून झाल्यावर एकटी जेवते, पातेल्यात उरलेला भात संपवते. तिच्याजवळ कोण बसतं?

काटा बाजूला ठेवून कंबर मोजा. शिंप्याची टेप घ्या. परकराची नाडी बांधतो तिथे मोजायचं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, आणि पुरुषांची ९० च्या वर, म्हणजे साडेपस्तीस इंच, तर साखर तपासायची. पुरुषांनो, तुम्हीही. हातपाय काडी आणि पुढे पोट, हे रिक्षावाल्या भावांमध्ये आणि मार्केटच्या माथाडींमध्ये मी रोज बघते.

तपासणीसाठी पैसे घालवू नका. आजकाल लॅबवाले इन्सुलिनची वेगळी तपासणी, होमा-आयआर वगैरे पॅकेज विकतात. त्याचा आकडा कळला म्हणून उपचार बदलत नाही. उपाशीपोटी साखर, जमलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, बीपी, कंबर, एवढ्यावर डॉक्टरला पुरेसं कळतं. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही करतात, पण आपल्यासाठी त्यात एक मेख आहे. अंगात लोह कमी असेल तर ती खोटी जास्त दाखवू शकते, आणि सिकलसेल असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. विदर्भातून आलेल्या आपल्या घरांमध्ये सिकलसेल बरंच आहे. डॉक्टरला ते स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही. वजन अचानक वाढलं असेल, थंडी सहन होत नसेल, केस गळत असतील तर थायरॉइडही तपासून घ्या.

यातलं काही लोकांना लाजेचं वाटतं. शुगर म्हणजे श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार, असं. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने त्यांना शेवटची वर्षं फार त्रास दिला, डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांची इन्सुलिन आणि पथ्यं सांभाळत. त्या माणसाइतकं कोण राबलंय? २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभरचा अभ्यास आला, त्यात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख निघाले.

उंबरठ्यावरून परत फिरता येतं, हे मात्र सांगायलाच हवं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी अशा ५३१ लोकांना घेऊन अभ्यास केला, २००६ मध्ये तो आला. काहींना रोज अर्धा तास चालायला आणि साखर, तेल, भात कमी करायला सांगितलं. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली. काहींना नेहमीचाच सल्ला. तीन वर्षांच्या आत चालणाऱ्यांमध्ये मधुमेह साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला, गोळीवाल्यांमध्ये साधारण तेवढाच. आणि गंमत म्हणजे चालणाऱ्यांच्या वजनात फारसा फरक पडला नव्हता. काटा हलला नाही तरी आत काम झालं होतं. काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात सगळं सोडून देणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे सांगते.

याचं कारण स्नायू. स्नायू हलला की तो इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटं सोन्याची. "मी दिवसभर राबतेच की" असं बायका म्हणतात, आणि खरं आहे. पण ओट्यापुढे उभं राहून हात आणि कंबर झिजते, मांड्यांचे मोठे स्नायू तसेच राहतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या.

चालायचं कुठे हा प्रश्न रास्त आहे. पाम बीचला, वाशीच्या मिनी सीशोरला सकाळी बूट घालून चालणारे दिसतात. दिघ्यात, तुर्भे स्टोअरला फुटपाथवर गाड्या, रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक, आणि रात्री नऊनंतर बाई एकटी चालली की चार माणसं विचारणार, कुठे निघालीस. म्हणून आम्ही विहाराभोवती चालायला लागलो. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितलेत, त्यात खाल्लेलं नीट पचतं हाही एक आहे. रात्री जेवण करून आठ-दहा जणी येतात, वीस मिनिटं फेऱ्या मारतात. पहिल्या आठवड्यात पोरं हसली. आता त्यांच्या आया आहेत तिथे.

वस्तीत दोन धोके फिरतायत. एक, पावडरचा शेक. सकाळी जेवणाऐवजी ग्लासभर, महिन्याला काही हजार, आणि विकणारी बहुतेक आपलीच शेजारीण असते, तिलाही वरून टार्गेट असतं. पावडर बंद झाली की वजन परत येतं, कर्ज मात्र राहतं. २०२५ मध्ये आठवड्याला टोचायची नवी इंजेक्शनं आली. ती खरी औषधं आहेत, पण आली तेव्हा खर्च आपल्या आवाक्याबाहेर होता आणि ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. दुसरा धोका, शेजारणीची शुगरची गोळी मागून घेणं. कुणाला मेटफॉर्मिन लागेल ते डॉक्टर ठरवेल, आणि ती वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासावं लागतं. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या आमच्या माई आहेत. त्यांच्यापैकी कुणी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असेल तर आधी डॉक्टरशी बोला. साखर एकदम खाली जाऊन विहारातच चक्कर आलेली मी पाहिली आहे.

महापालिकेकडे माझं एक मागणं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर-बीपी तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो, त्यात कमरेच्या मापाचा रकानाही आहे. कितीजणींची कंबर खरोखर टेप लावून मोजली, विचारून बघा. आशाताईला दोष नाही, तिच्या डोक्यावर कामांचा डोंगर आहे. पण उपाशीपोटी रक्त सकाळीच द्यावं लागतं, आणि सकाळीच आपल्या बायका कामावर असतात. एक खाडा म्हणजे पगारात कपात. रविवारी सकाळी विहारात, समाजमंदिरात तपासणी ठेवा, एवढंच. अर्जाचा मसुदा आम्ही तयार केलाय, ज्या वस्तीला हवा असेल तिने न्यावा, सह्या घ्याव्यात आणि विभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पोच विसरू नका.

त्या ताईची उपाशीपोटी साखर ११२ निघाली होती, कंबर ९४. चहा दोन कपांवर आला, रात्रीचं जेवण परत सुरू झालं, भाकरी-उसळ-भाजी, आणि नवरा आता तिच्याबरोबर बसतो, कारण टीव्हीसमोर एकटी जेवू नको असं मीच त्याला सांगून आले. यंदाच्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत वजन जेमतेम दोन किलो उतरलं. कंबर ८९ झाली, साखर १०१. मानेवरचा पट्टा अजून आहे, थोडा फिका. वजरी तिने फेकली. पोळ्यांचं ते घर सोडलं, दुसरं धरलं.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी टेप घेऊन विहारात बसणार आहे. कंबर मोजायला उपाशी यायची गरज नाही, जेवून या.